अडकलेला तिसरा सेल: एका पितळी विजेरीच्या जतनाचे प्रकरण

या प्रकरणातील वस्तू म्हणजे एव्हरेडी बनावटीची, तीन मोठ्या सेलची, पितळी नळीवर चकचकीत मुलामा असलेली एक विजेरी. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या एका घराच्या फडताळात ती सेलसकट कित्येक वर्षे पडून होती, आणि घराची डागडुजी निघाली तेव्हा इतर मोडीबरोबर भांड्यांच्या दुकानात वजनावर जाण्याच्या बेतात होती. घरातल्या काकूंनी ती बाजूला काढली. मी जुन्या विजेऱ्या जमवतो हे त्यांना त्यांच्या भाच्याकडून कळले होते, म्हणून ती पुण्याला माझ्याकडे आली. त्यांचे म्हणणे असे होते: "ही आमच्या मामंजींची बॅटरी. उजळून द्या आणि एकदा पेटवून दाखवा. मग घरात ठेवायची की तुमच्या संग्रहात द्यायची ते बघू."

उजळणे, पेटवणे आणि टिकवणे अशा तीन मागण्या या बोलण्यात होत्या, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे त्या एकमेकींच्या आड येत होत्या. जुन्या विजेऱ्या जमवणाऱ्यापुढे हा पेच वारंवार येतो. परंतु या एका वस्तूत तो इतक्या ठळकपणे समोर आला की त्याची सविस्तर हकिकत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. माझे मत आधीच सांगतो. विजेरी पेटते की नाही यावर तिचे मोल ठरवण्याची सवय संग्राहकाने सोडली पाहिजे, कारण पेटवण्याच्या घाईत जितक्या जुन्या विजेऱ्यांचे नुकसान होते तितके ओल आणि गंज यांनीही होत नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

संग्रहाच्या क्षेत्राविषयी थोडे सांगणे गरजेचे आहे. हातात धरायच्या नळीदार विजेरीचे डेव्हिड मिसेल याचे अमेरिकन पेटंट, क्रमांक ६१७५९२, हे १० जानेवारी १८९९ रोजीचे असून त्याचे हक्क कॉनराड ह्यूबर्ट याच्या कंपनीकडे होते. त्या पहिल्या विजेऱ्यांची नळी कागद आणि फायबरची होती, दिव्यात कार्बनची तार होती आणि सेल लवकर दमत असत, त्यामुळे उजेड क्षणभरापुरताच मिळे. अशा वस्तू आपल्याकडच्या बाजारात मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जे हाती लागते ते बहुतांशी स्वातंत्र्यानंतरच्या काळातले असते: एव्हरेडी, अलाहाबादची जीप, आणि लहान कारखान्यांतून निघालेल्या बिननावी नकला. यातल्या बऱ्याच विजेऱ्या विकायला येण्यापूर्वीच बफ मशीनवर घासून लखलखीत केलेल्या असतात. गिऱ्हाइकाला झळाळी हवी असते हे खरे, पण त्या घासण्यात मुलामा, शिक्क्याच्या कडा आणि वापराच्या खुणा तिन्ही निघून जातात आणि उरते ती फक्त पितळेची नळी. म्हणूनच फडताळातून थेट निघालेली, कोणाचाही हात न लागलेली विजेरी ही माझ्या दृष्टीने दुर्मीळ गोष्ट आहे, मग तिचे मॉडेल कितीही सर्वसाधारण असो.

हाती आलेली वस्तू

विजेरीची लांबी साधारण २७ सेंटिमीटर होती. मोठ्या सेलचा व्यास सुमारे ३४ मिलिमीटर आणि लांबी सुमारे ६१ मिलिमीटर असते, त्यामुळे तीन सेलच्या विजेरीची नळी आणि पुढचा पसरट तोंडाचा भाग मिळून एवढी लांबी येतेच. नळीवर उभ्या पन्हळी दाबलेल्या होत्या. सरकत्या बटणाच्या लगत, जिथे उजव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे, मुलामा पूर्ण झिजून पितळ उघडे पडले होते आणि ते पितळ हाताच्या स्पर्शाने इतके गुळगुळीत झाले होते की तिथल्या पन्हळींच्या धारा बोटाला जाणवतच नव्हत्या. मागच्या टोपीच्या कडीत खुंटीला अडकवण्यासाठी सुतळीचा फास होता. पुढची काच मूळची होती, एका कडेला किंचित उडालेली. आतला परावर्तक पिवळसर करडा पडला होता. त्याला मी हात लावला नाही आणि कोणी लावूही नये, कारण जुन्या परावर्तकावरचा चांदीचा थर इतका पातळ असतो की मऊ फडक्याच्या दोन-चार फेऱ्यांतही तो निघून येतो.

खरी अडचण मागच्या बाजूला होती. टोपी आणि नळी यांच्या सांध्यातून निळसर हिरवा थर बाहेर फुटून आला होता, त्याच्यामध्ये पांढऱ्या खड्यांच्या रेघा होत्या आणि टोपी फिरत नव्हती. हलवून पाहिल्यावर आतून काहीही वाजत नव्हते, याचा अर्थ निदान एक सेल नळीला धरून बसला होता.

सेल गळल्यावर घरोघरी लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर लावून पाहतात. आजच्या अल्कलाइन सेलमधून जो द्रव गळतो तो क्षारधर्मी असतो, त्यामुळे तिथे सौम्य आम्लाचा उपयोग होतो. परंतु जुने सेल जस्त आणि कार्बनचे असत. त्यांत जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो, मधोमध कार्बनची कांडी असते, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा असतो आणि हे सर्व अमोनियम क्लोराईड व झिंक क्लोराईड यांच्या द्रावणाने ओले ठेवलेले असते. अमोनियम क्लोराईड म्हणजे कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो तोच नवसागर. हे द्रावण स्वतःच आम्लधर्मी असते, तेव्हा त्यावर आणखी आम्ल ओतून पितळेचे नुकसान वाढते, एवढेच होते. उलट बाजूने खाण्याचा सोडा टाकला तर आम्लता जाते, पण नवसागरातून थोडा अमोनिया सुटतो, आणि पितळेला अमोनियाइतका घातक दुसरा पदार्थ क्वचितच असेल. म्हणून पहिल्या टप्प्यात शुद्ध पाण्याखेरीज काहीही वापरायचे नाही असे ठरवले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळते आणि या कामाला ते पुरते. नळाचे पाणी मी टाळतो, कारण त्यात क्लोराईड असते आणि क्लोराईडच तर धुऊन काढायचे असते.

शिक्का, नाव आणि साल

घरात चालत आलेली गोष्ट अशी की ही विजेरी मामंजींनी स्वातंत्र्य मिळाले त्या साली मुंबईहून आणली. काकू सून म्हणून घरात आल्या तेव्हा विजेरी आधीपासूनच होती, त्यामुळे त्यांना हे ऐकूनच ठाऊक होते. टोपीच्या तळावरचा शिक्का मात्र वेगळे सांगत होता. तिथे एव्हरेडीच्या नावाबरोबर युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड असे कोरलेले होते.

भारतातील एव्हरेडी विजेऱ्यांचा काळ ठरवताना कंपनीच्या नावातील बदल हा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरतो. अमेरिकेत नॅशनल कार्बन कंपनीने १९१४ मध्ये एव्हरेडी विजेऱ्या काढणारी ह्यूबर्टची कंपनी पूर्णपणे ताब्यात घेतली आणि १९१७ मध्ये ती स्वतः युनियन कार्बाइडमध्ये सामील झाली. भारतातली कंपनी मात्र १९५९ च्या अखेरीपर्यंत नॅशनल कार्बन कंपनी (इंडिया) या नावाने चालत होती आणि त्यानंतर तिचे नाव युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड झाले. विजेऱ्यांचा लखनौचा कारखाना १९५८ मधला. पुढे १९९४ मध्ये अमेरिकन कंपनीने आपला हिस्सा कोलकात्याच्या मॅक्लिऑड रसेल कंपनीला विकला आणि एव्हरेडी इंडस्ट्रीज हे नाव आले. त्यामुळे युनियन कार्बाइडचा शिक्का असलेली टोपी १९५९ च्या आधीची असूच शकत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून वायू सुटला तो याच कंपनीचा होता. घराघरांत उजेडासाठी विश्वासाने वापरल्या गेलेल्या वस्तूवर हे नाव आहे, ही गोष्ट नोंदपत्रात गाळू नये असे मला वाटते. म्हणून मी शिक्क्याचा मजकूर नेहमी जसाच्या तसा उतरवतो.

परंतु टोपी म्हणजे विजेरी नव्हे. टोपी हरवली की दुसऱ्या विजेरीची बसवायची, हे त्या काळी सर्रास चाले, आणि एकाच मापाच्या टोप्या एकमेकींना बसतही असत. तेव्हा टोपीवरच्या शिक्क्यावरून नळीचा काळ ठरवणे धोक्याचे असते. इथे मदतीला आले ते नळीवरचे नाव. आपल्याकडे पितळेच्या भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतात तसे या नळीवर, बटणाच्या विरुद्ध बाजूला, मामंजींच्या नावाची आद्याक्षरे, आडनाव आणि साल घातलेले होते. सालाचे पहिले तीन अंक, म्हणजे १, ९ आणि ६, स्वच्छ वाचता येत होते. चौथ्यावर हिरवा थर होता.

अंधाऱ्या खोलीत एका बाजूने जवळजवळ आडवा प्रकाश टाकून आणि दहापट भिंगातून पाहून तो अंक वाचण्याचा मी प्रयत्न केला. देवनागरी १ आणि ९ हे दोन्ही अंक गोल फिरून शेपटी सोडतात. ठिपक्यांनी कोरलेले असताना आणि अर्धे ठिपके गंजाने भरलेले असताना त्यांतला फरक गोलाच्या तोंडावर असलेल्या एका-दोन ठिपक्यांवर येऊन ठेपतो, आणि नेमके तेच ठिपके इथे खाल्ले गेले होते. नोंदपत्रात म्हणून "१९६१ किंवा १९६९" असे लिहिले आहे. स्वातंत्र्याच्या सालाची कहाणी खोडून न टाकता "कुटुंबाकडून ऐकलेले" या सदराखाली वेगळी नोंदवली आहे. मामंजींनी १९४७ मध्ये एखादी विजेरी आणलीही असेल; ती ही नव्हे, एवढेच यावरून सांगता येते.

याच टप्प्यावर उजळण्याच्या मागणीचा निकाल लागला. मी एका मुलामा देणाऱ्या कारागिराला विजेरी दाखवली होती आणि त्याने ती आठवड्यात नव्यासारखी करून देण्याची तयारी दाखवली होती. त्याचे काम उत्तम असते यात शंका नाही. परंतु नवा मुलामा धरण्यासाठी पृष्ठभाग आधी बफवर घासावा लागतो आणि मग आम्लात बुडवावा लागतो. ठिपक्यांनी घातलेले नाव इतके उथळ असते की ते त्या घासण्यात गेलेच असते. काकूंना फोनवरून मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मामंजींचं नाव जाणार असेल तर मग उजळून करायचं काय?" आणि तो विषय तिथेच मिटला.

तिसरा सेल

पुढचे तोंड फिरवल्यावर अडचण न येता निघाले. पहिला सेल नळी उलटी करून हलके ठोकल्यावर बाहेर आला, दुसरा थोड्या सायासाने आला. तिसरा, म्हणजे टोपीकडचा, जागचा हलला नाही. बाहेर आलेले दोन सेल एका कंपनीचे होते आणि नंतर तुकड्यांत निघालेल्या तिसऱ्याच्या कागदी वेष्टनावर दुसऱ्याच कंपनीचे नाव होते. विजेरी का बिघडली याचे उत्तर यातच आहे.

सेल महाग वाटत असल्याने तिन्ही एकदम न बदलता एखादाच बदलण्याची, आणि मंदावलेले सेल उन्हात ठेवून आणखी चार दिवस चालवण्याची पद्धत बहुतेक घरांत होती. परंतु एकापुढे एक जोडलेल्या सेलमधून प्रवाह सारखाच वाहतो, त्यामुळे सर्वांत कमकुवत सेल संपला तरी बाकीचे दोन त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्याचे ध्रुव उलट होतात, आत वायू तयार होतो, जस्ताचा डबा आधीच पातळ झालेला असतो तो फुटतो आणि लगदा बाहेर येतो. दोन सेल कोरडे आणि तिसरा पूर्ण फुटलेला, ही स्थिती याच कारणाशी जुळते. संग्राहकाला हे माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण वेगवेगळ्या बनावटीचे सेल आत दिसले की नळी वरून कितीही स्वच्छ असली तरी कोणत्या जागी शोध घ्यायचा ते कळते.

अडकलेला सेल काढण्यासाठी नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे नळी गरम करा, पितळ फुगेल आणि सेल सुटेल. हा सल्ला सेलच्या बाबतीत उलटा पडतो. एका अंशाने तापमान वाढले तर पितळ दशलक्ष भागांमागे सुमारे १९ भाग वाढते, जस्त सुमारे ३० भाग वाढते. म्हणजे आतला जस्ताचा डबा बाहेरच्या नळीपेक्षा जास्त फुगतो आणि आणखी घट्ट बसतो. थंड केल्यावर मात्र तो नळीपेक्षा जास्त आकसतो. २५ अंशांच्या फरकाने या व्यासावर पडणारी फट जेमतेम एक शतांश मिलिमीटरची असते, त्यामुळे केवळ थंडीने सेल बाहेर पडेल अशी अपेक्षा नव्हती. पण नळी आणि डबा यांच्यामध्ये जे कठीण पांढरे खडे जमले होते त्यांची पकड सुटायला तेवढी हालचाल पुरते.

आधी टोपी काढणे भाग होते. सांध्यावर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब पुन्हा पुन्हा सोडून, रबरी पट्टी गुंडाळून, पक्कड न वापरता हातानेच ती फिरवली. ती सुटल्यावर नळी शेपटाकडून एका उंच काचेच्या भांड्यात उभी केली आणि पाण्याची पातळी बटणाच्या बरीच खाली राखली, कारण बटणाखालची चकती फायबरची असते, ती पाण्याने फुगते आणि बटण रिबिटांनी बसवलेले असल्याने ती बदलता येत नाही. काही दिवस रोज पाणी बदलत राहिल्यावर खडे विरघळू लागले. मग नळी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बर्फाच्या डब्यात ठेवली. तरीही सेल अखंड निघाला नाही आणि तो ढकलून काढण्याचा मोह मी आवरला, कारण फुगलेला डबा मागून दाबला तर तो आखूड होऊन आणखी रुंद होतो.

उपाय अखेरीस आतून सापडला. टोपीकडच्या तळाचे जस्त चाळणीसारखे खाल्ले गेले होते. त्यातून बांबूच्या चपट्या काडीने काळा लगदा थोडा थोडा कोरून काढला, मोकळी झालेली कार्बनची कांडी चिमट्याने ओढून घेतली, आणि भरण निघून गेल्यावर उरलेला पोकळ डबा एका कडेने आत दुमडला तेव्हा तो नळीपासून सोलून निघावा तसा बाहेर आला. जुन्या सेलच्या जस्तावर अल्प प्रमाणात पारा वापरलेला असे, म्हणून हे काम हातमोजे आणि मुखपट्टी लावून, लगदा सुकू न देता केले आणि निघालेला सर्व माल बंद डब्यात भरून ई-कचऱ्यात दिला. वेष्टनाचा जो कागद वाचला तो सुकवून नोंदपत्राला जोडला आहे.

त्यानंतर धुण्याचे काम चालू ठेवले. धुवण कधी थांबवायचे हे डोळ्यांना कळत नाही. शेवटच्या पाण्याचा थोडा भाग काचनळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी दुधाळ झाले तर क्लोराईड अजून निघते आहे. ते निवळ राहू लागल्यावर नळी अल्कोहोलने धुऊन पंख्याखाली वाळवली.

तडा

नळी वाळल्यावर भिंगातून आट्यांचा भाग तपासताना दोन केसासारखे बारीक तडे दिसले. दोन्ही नळीच्या लांबीच्या दिशेने, टोपीच्या आट्यांपासून सुरू होऊन पन्हळींकडे गेलेले. मोठा सुमारे ११ मिलिमीटरचा आणि लहान त्याच्या निम्मा. कुठे आपटल्याची खूण नव्हती, नळी चेपलेली नव्हती.

पितळेच्या अशा तडकण्याला आपल्या पावसाळ्याशी जोडलेला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात साठवणीतच तडकत असत. ती तबेल्यांत ठेवली जात आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया तिथल्या दमट हवेत असे. कारणाचा पूर्ण उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांच्या अभ्यासातून झाला: थंड अवस्थेत दाबून किंवा ओढून घडवलेल्या पितळेत ताण साठून राहतो, आणि त्यावर अमोनियाचा अंश व ओल एकत्र आली की धातूच्या कणांच्या सीमांवरून तडा सरकत जातो. विजेरीच्या नळीचे पत्रे पातळ, त्यात दाबून आट्या पाडलेल्या, त्यामुळे तिथे ताण सर्वांत जास्त. सेलमधल्या नवसागरामुळे अमोनिया घरातच. आणि कोकणचा पाऊस. तडे नेमके तिथेच पडले यात आश्चर्य नव्हते.

एका स्नेह्याने डाख देऊन तडे बुजवण्याचे सुचवले. मला तो मार्ग पटला नाही. डाख धरण्यासाठी जो मसाला लावतात त्यात झिंक क्लोराईड आणि बहुतेक वेळा नवसागरच असतो; ज्या क्षाराने नळी तडकली आणि जो धुऊन काढण्यात एवढा वेळ गेला, तोच तड्याच्या पोटात कायमचा भरून ठेवणे शहाणपणाचे नव्हते. शिवाय आच लागली की शेजारचा मुलामा काळवंडतो. तडे आहेत तसेच ठेवले, त्यांची मोजपट्टीसह छायाचित्रे घेतली आणि त्या भागावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात दिला. संग्रहालयांत पितळेवरच्या हिरव्या रोगासाठी बेंझोट्रायझोल हे गंजरोधक रसायन वापरतात. ते अपायकारक असल्याने, ज्या घरात लहान मुले ही वस्तू हातात घेणार तिथे ते नको असे मी ठरवले.

या अनुभवानंतर बाजारात विजेरी घेताना मी पहिल्यांदा टोपी काढून आट्या पाहतो, काच आणि झळाळी त्यानंतर. विकणारा टोपी उघडू देत नसेल तर मी ती विजेरी घेत नाही.

पेटवण्याचा प्रश्न

तड्यांमुळे पेटवण्याची मागणी अवघड होऊन बसली. विजेरीत सेल भरून टोपी आवळली की दाबलेली स्प्रिंग टोपीला सतत मागे ढकलत राहते आणि तो सगळा जोर आट्यांवर, म्हणजे तडकलेल्या भागावर, येतो. मूळ स्प्रिंग जाड पोलादी होती. ती लावून तीन भरीव सेल घातले असते तर उजेड पडला असता, पण तडे वाढण्याचा धोका उघड होता. दुसरीकडे काकूंची इच्छा केवळ हौस म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. रात्रीअपरात्री कोणाकडे आजारपण निघाले की मामंजी हीच बॅटरी घेऊन वाडीत जात, पहिल्या पावसात मुले त्यांच्यामागून खेकडे धरायला जात, असे त्यांनी सांगितले होते. त्या घराला ही वस्तू उजेडामुळेच ठाऊक होती.

दिवा मूळचा होता आणि त्याची तार शाबूत होती. त्याच्या पितळी बुडावर ३.८ व्होल्ट आणि ०.३ अँपिअर अशी मापे होती. तीन ताज्या सेलचे ४.५ व्होल्ट कागदावर जास्त वाटतात, परंतु भार पडताच जुन्या सेलचा दाब उतरत असे, त्यामुळे तीन सेलच्या विजेरीत हाच दिवा बसवत. यावरूनच मार्ग निघाला. रिचार्ज होणाऱ्या लहान निकेल मेटल हायड्राइड सेलचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्ट असतो, तिघांचा मिळून ३.६, म्हणजे दिव्याच्या मापाच्या किंचित आत. असे तीन सेल मोठ्या सेलच्या आकाराच्या प्लास्टिक खोळींत बसवले, मूळ स्प्रिंग काढून पिशवीत चिठ्ठी लावून ठेवली आणि तिच्या जागी अगदी मऊ स्प्रिंग घातली, टोपी जेमतेम दोन आट्या फिरवली. बटणाचा संपर्क सुरुवातीला धरला नाही. आतली पितळी पट्टी काळी पडली होती. तिच्या टोकाला फक्त संपर्कापुरते खोडरबर फिरवले, तेव्हा दिवा लागला.

काकूंच्या घरी, सगळे जमलेले असताना, विजेरी काही मिनिटे पेटवली. परावर्तक मळलेला असल्यामुळे उजेड पिवळा आणि मध्ये थोडा डागाळलेला पडला. एका नातवाने परावर्तक नवा का बसवला नाही असे विचारले. नवा बसवला असता तर जो उजेड पडला असता तो नव्या परावर्तकाचा, असे मी त्याला सांगितले, आणि ते त्याला पटले की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून समजले नाही. सेल लगेच काढून घेतले.

ताबा आणि सध्याची स्थिती

ही विजेरी आपल्या संग्रहात असावी अशी माझी इच्छा होती आणि मी ती काकूंना स्पष्ट सांगितली. पुण्यातली हवा राजापूरपेक्षा कोरडी, माझ्याकडे बंद पेट्या आणि आर्द्रतामापक, ही कारणे खोटी नव्हती. परंतु हवाबंद डबा आणि सिलिका जेल राजापुरातही तेच काम करतात, आणि नावाची आद्याक्षरे कोणाची हे सांगणारी माणसे मात्र त्याच घरात आहेत. विजेरी तिथेच राहावी असे आम्ही दोघांनी ठरवले. नोंदपत्राची एक प्रत, छायाचित्रे आणि वेष्टनाचा कागद माझ्याकडे आहेत. दुसरी प्रत, मूळ स्प्रिंग आणि सुतळीचा फास विजेरीबरोबर आहेत. विकायची वेळ आली तर आधी मला विचारायचे, एवढे एकच वचन मी मागून घेतले.

डब्यातले जेल नारंगी दाण्यांचे आहे, ते ओल धरून हिरवे पडले की स्वयंपाकाला न वापरायच्या तव्यावर मंद आचेवर परतायचे. क्लोराईडचा अंश राहिलेल्या पितळेवर हिरवी भुकटी पुन्हा येऊ नये यासाठी डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत राखायची असते, आणि पावसाळ्यात तेवढ्यासाठी दाणे वारंवार परतावे लागतात. काकूंनी ते नेमाने केले. पाऊस सरल्यावर मी जाऊन तपासले तेव्हा दोन्ही तड्यांची लांबी आधीच्या छायाचित्रांइतकीच भरली. बटणाच्या मागच्या रिबिटाशी मात्र फिक्या हिरव्या भुकटीचा एक ठिपका आला होता. तिथवर धुवणाचे पाणी पोचू दिले नव्हते, त्यामुळे क्लोराईड तिथे शिल्लक राहिले असणार. भुकटी बांबूच्या टोकाने काढली, जागा अल्कोहोलने पुसून मेण लावले, ठिपक्याची जागा नोंदपत्रात आकृतीवर दाखवली आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती पुन्हा पाहायचे ठरवले.